प्रवाळांवर पडणारा नांगर

मराठवाड्याला समुद्र नाही. पैठणचा नाथसागर हाच आपला समुद्र. म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगरची मंडळी कोकणात उतरतात, तेव्हा खऱ्या समुद्राविषयीची त्यांची उत्सुकता किनाऱ्यावरच्या लोकांपेक्षा काकणभर अधिकच असते. मालवणच्या धक्क्यावर त्यांना होडी मिळते. कुरटे बेटावर 1664 साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग पाहून झाला, की तटाजवळच्या उथळ पाण्यात डोळ्यांवर काचेचा चष्मा आणि तोंडात श्वासाची नळी घेऊन पाण्याखालचे जग न्याहाळता येते. पुढे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ते मुख पाहायचे आणि गावातल्याच एखाद्या घरी सोलकढीसह जेवायचे. परदेशांत धनिक लोक लहान जहाजांतून उष्ण कटिबंधातील बेटांची जी सफर करतात, तिचे बहुतेक सारे घटक येथे एका दिवसात आणि मध्यमवर्गीयांच्या खिशाला झेपेल अशा खर्चात मिळतात. ही काही वाईट गोष्ट नव्हे.

प्रश्न आहे तो त्या पाण्याखाली काय उरते याचा. प्रवाळ दिसायला दगडासारखे, परंतु ते सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतींनी रचलेले असते. त्याच्या पेशींत राहणारे शैवाल त्याला अन्न पुरवते. पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. होडीचा एक नांगर त्यावर पडला, किंवा पोहता न येणाऱ्या पर्यटकाने घाबरून त्यावर पाय रोवला, तर कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडते. मासे जमावेत म्हणून पाण्यात पावाचे तुकडे टाकण्याची हौसही त्यातलीच. छायाचित्र चांगले येते, एवढाच तिचा लाभ. वस्तुतः कठीण प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान आहे.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. 1987 साली मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर असून गाभ्यात सिंधुदुर्ग व पद्मगड यांचा परिसर येतो. मच्छीमारांनी मात्र या घोषणेला विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे निव्वळ आडमुठेपणाचे नव्हते. ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले, तेथेच आपण परके ठरू अशी त्यांना धास्ती होती. रापणीत दोर ओढायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. असा रिवाज पाळणाऱ्या समाजाला सामायिक मालमत्ता म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध तो वर्षानुवर्षे झगडला, तेव्हा कोठे 2016 मध्ये राज्याने त्या जाळ्यांवर कडक निर्बंध घातले. आज त्याच समाजातील कित्येक तरुण पर्यटकांना पाण्याखाली नेतात. प्रवाळ मेले तर मासळी आणि पर्यटक दोन्ही जातील, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? अडचण ही, की एका होडीवाल्याने संयम पाळला तर ते गिऱ्हाईक शेजारच्या होडीत जाऊन बसते.

येथे आपल्या घरचे उदाहरण उपयोगी पडावे. अजिंठ्याची चित्रे पाहणाऱ्यांच्या श्वासानेच ती धोक्यात येतात हे ध्यानात आल्यावर वाहने पायथ्यापासून दूर थांबविण्यात आली आणि नाजूक लेण्यांत गर्दीवर मर्यादा घातली गेली. प्रारंभी कुरकुर झाली. आता ती अंगवळणी पडली आहे. मालवणच्या पाण्याखालचे लेणे तर अद्याप जिवंत आहे. त्याला निदान तेवढी तरी शिस्त नको काय?

ही शिस्त खर्चिकही नाही. नांगराऐवजी होड्या बांधण्यासाठी कायमचे बोये, एका जागी एका वेळी किती होड्या थांबाव्यात याची मर्यादा, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी दहा मिनिटांची समज, एवढ्याने पुष्कळ साधेल. संख्या ठरविताना मच्छीमार संस्थांचे मत प्रथम घ्यावे, कारण पाळायची व पाळवून घ्यायची त्यांनीच आहे. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा बळी गेला. तेव्हा मर्यादा माणसांच्या जिवासाठीही हवीच. नौदलाच्या सेवेतून 2024 मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' युद्धनौका निवतीच्या खडकांजवळ बुडवून तेथे पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याची योजना राज्याने हाती घेतली. तिच्यामुळे किल्ल्याजवळची गर्दी विभागली जाऊ शकेल. तेथेही नांगरांची तीच गर्दी झाली, तर मात्र एका जागेची दोन ठिकाणे बिघडतील.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. किल्ल्यात वस्ती असलेल्या मोजक्या कुटुंबांपैकीही बहुतेक त्या काळात मालवणात येतात. वर्दळ नसलेले हे तीन महिने दरवर्षी आपोआप मिळतात. बोयांच्या जागा ठरविणे आणि होड्यांची संख्या निश्चित करणे ही कामे याच अवधीत मच्छीमारांसोबत बसून उरकता येतील, म्हणजे सप्टेंबरात पहिली होडी पाण्यात लोटली जाईल ती नव्या नियमांनिशी.