उच्च इंग्रजी शब्दसंपत्ती आणि मराठी विद्यार्थी

मराठी माध्यमातून शिकून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजी ग्रंथ दुर्बोध वाटला, की तो शब्दकोश उघडतो व प्रत्येक कठीण शब्दापुढे एकेक मराठी प्रतिशब्द लिहून ठेवतो. या परिश्रमाचे फळ त्यास अपेक्षेइतके का मिळत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला प्रश्न निवडीचा. ढाक्यास अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० सर्वसामान्य इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्यांपलीकडील विद्याविषयक शब्दांची यादी ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये दिली. कला, वाणिज्य, विधी व विज्ञान या शाखांतील सुमारे ३५ लक्ष शब्दांचे लेखन तपासून त्यांनी ५७० शब्दकुले निश्चित केली. अशा लेखनात या कुलांचे प्रमाण सुमारे १० टक्के, तर कथात्मक लेखनात अवघे १.४ टक्के आढळले. अर्थात केवळ ललित वाचनाने हे शब्द आत्मसात होणे कठीण.

दुसरा प्रश्न अर्थाचा. याच यादीतील ‘सिग्निफिकंट’ हा शब्द विद्यार्थी ‘महत्त्वाचा’ असा पाठ करतो. संख्याशास्त्रात मात्र, केवळ योगायोगाने एवढा फरक दिसणे असंभाव्य होय, इतकेच त्याने सूचित होते. एखाद्या औषधाने रक्तदाबात पडलेला फरक या अर्थी ‘सिग्निफिकंट’ असूनही रुग्णाच्या दृष्टीने नगण्य असू शकतो. येथे प्रतिशब्दावर विसंबणारा वाचक चुकतो तो भाषेत नव्हे, तर प्रत्यक्ष निष्कर्षात.

तिसरा प्रश्न स्मरणाचा. ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द उपसर्गभेदाने सिद्ध होतात, हे आपणांस परिचित आहे. तद्वत् वाहून नेणे या अर्थाच्या लॅटिन ‘पोर्तारे’ या क्रियापदापासून ‘एक्स्पोर्ट’, ‘इम्पोर्ट’, ‘ट्रान्सपोर्ट’ हे शब्द आले आहेत. ही घडण ध्यानी घेतल्यास स्मरण सुलभ होते. तथापि ‘संहार’ याचा रूढ अर्थ जसा केवळ धातूवरून सांगता येत नाही, तसाच ‘रिपोर्ट’ याचाही येत नाही. अंतिम निर्णय प्रयोगाचाच.

सारांश, वहीत शब्दापुढे प्रतिशब्द अवश्य लिहावा. परंतु तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य व ज्या शास्त्रात भेटला त्या शास्त्राचे नावही लिहावे. तोच शब्द दुसऱ्या विषयात आढळल्यास नवे वाक्य पहिल्याखाली नोंदवावे. अशी वही हळूहळू भरेल. परंतु तीतील शब्द परीक्षेनंतरही उपयोगी पडतील.