एल निनो, पेंग्विन आणि आपला कापूस

पेंग्विन म्हटले की कार्टूनमधला बर्फच डोळ्यांसमोर येतो. मे महिन्यात होरपळणाऱ्या जळगाव-धुळेकरांना तर तो परग्रहावरचाच प्राणी वाटावा. पण मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली आलेले हम्बोल्ट पेंग्विन मुळात बर्फातले नव्हेतच. पेरू-चिलीच्या रखरखीत, वाळवंटी किनाऱ्यावरची ही जात. चेहऱ्याच्या उघड्या कातडीतून ते अंगातली उष्णता बाहेर टाकतात. थंड हम्बोल्ट प्रवाहातल्या मासळीवर त्यांची गुजराण. पक्ष्यांच्या विष्ठेच्या थरांत बिळे करून ते अंडी घालत. एकोणिसाव्या शतकात ते थरच खत म्हणून परदेशी गेले आणि घरटी उजाड झाली.

एल निनो आला की तिकडचे पाणी तापते, मासळी दुरावते, पिल्ले उपाशी मरतात. १९८२-८३ साली अशीच धूळधाण झाली. त्याच एल निनोच्या वर्षी आपल्याकडे पाऊस अनेकदा रुसतो आणि खान्देशातला कोरडवाहू कापूस माना टाकतो.

राणीच्या बागेत काचेआड त्यांच्यासाठी गारवा राखला जातो. त्यांच्या किनाऱ्यावर ती सोय नाही, आपल्या शिवारातही नाही. पेंग्विनची चाल पाहून मुले हसतील, हसू द्यावीत. परतीच्या गाडीत मात्र त्यांना सांगावे, की हा पाहुणा दूरदेशीचा खरा, पण त्याची मासळी आणि आपला पाऊस एकाच समुद्राच्या हाती आहेत.