किल्ल्यांचा जुडगा

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या खाडीकिनाऱ्यावर सकाळी फिरायला आलेल्या ज्येष्ठांच्या गप्पा कधी कान देऊन ऐकल्या आहेत का आपण? रक्तदाबाची गोळी कोणती, असे विचारले तर उत्तर येते, "ती लहानशी पांढरी. सूनबाई देते." बँकेत शिल्लक किती? "मुलाला ठाऊक." डॉक्टर काय म्हणाले? "मुलीशी बोलले ते." यात तक्रार नसते, उलट कौतुकच असते. मुले इतकी करतात, हे भाग्यच. तरीही मला ही उत्तरे ऐकून थोडी धास्ती वाटते, आणि तिचे कारण माझ्याच घरात घडले.

माझी आई मोरीत घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. त्या काळात आम्ही तिच्याकडून सारे काढून घेतले: कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, पासबुक, सकाळचा चहा, भाजीवाल्याशी घासाघीस. प्लास्टर निघाले, मनगट बरे झाले. काढून घेतलेले मात्र कोणी परत दिले नाही. तिनेही मागितले नाही. चार महिन्यांनी ती मला विचारू लागली, "मी आता झोपू का?" भर दुपारी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगाजवळ उभी राहून.

अशा वेळी महर्षी कर्व्यांचे उदाहरण देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. जन्म १८५८चा, १९३६ साली त्यांनी खेड्यांतील शाळांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि १९४४ साली समता संघ. पण असे उदाहरण वाचून आपण हात जोडतो आणि पान उलटतो, हा माझा अनुभव. म्हणून एका रोपट्याची गोष्ट सांगते.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात आर्डन हाऊस नावाच्या वृद्धशुश्रूषागृहात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला; तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील ज्येष्ठांना सांगितले गेले की खोली कशी मांडायची, चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा, हे तुम्हीच ठरवा. हे रोपटे घ्या, त्याची निगाही तुम्हीच राखा. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक उत्साही, अधिक मिसळणारी झाली होती. दीड वर्षानंतर त्यांच्यातील मृत्यूही कमी आढळले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक पुढे कच्चा ठरला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण रोपट्यामुळे आयुष्य वाढते की नाही, हा मुद्दा तसाही दुय्यमच. सकाळी उठण्याला काही कारण असणे, हे मला त्याहून मोलाचे वाटते.

तेव्हा आपला दर्जा आपणच थोडा वर उचलू या. पाठ टेकायची भक्कम खुर्ची भिंतीला लावा, हात छातीवर घडी करा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येते, ते मोजा. जवळ कोणी तरी उभे असावे. चक्कर किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात स्त्रियांना दहापेक्षा आणि पुरुषांना बारापेक्षा कमी जमले, तर पडण्याचा धोका अधिक समजतात. आकडा वहीत लिहा. त्याच वहीत आपल्या औषधांची नावेही आपल्याच अक्षरात लिहा.

कागदपत्रांचे तसेच. प्रेमापोटी घर मुलांच्या नावे करावेसे वाटते. करावे, पण मुलांनी आपला सांभाळ करावा, ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३चे संरक्षण अशा अटीवरच उभे असते. अखेरच्या आजारात यंत्रांवर ठेवावे की नाही, याची इच्छाही आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हा हक्क मान्य केला आणि २०२३ साली रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. हा विषय जेवणाच्या टेबलावर काढणे अवघड आहे, मान्य. पण आपण बोललो नाही, तर तो निर्णय मुलांना दवाखान्याच्या व्हरांड्यात, रात्री दोन वाजता घ्यावा लागतो.

आणि सांभाळ करणाऱ्यांनो, आपल्याला एवढेच सांगणे: बाबांना शर्टाची बटणे लावायला सात मिनिटे लागत असतील, तर सात मिनिटे थांबा. आपण पुढे होऊन लावून देतो ती बहुधा मायेने नव्हे, घाईने. मीही तेच करत होते.

गेल्या महिन्यात मी जुडगा आईच्या हाती दिला. तिने खुर्चीत बसून एकेक किल्ली वेगळी केली, मोजली आणि माझ्याकडे पाहिले. "एक कमी आहे. माळ्यावरच्या पेटीची. शोध."

ती अजून सापडलेली नाही. आई रोज विचारते.