वाटाड्या यंत्राची साक्ष
पेणहून नागोठणे व भिसे खिंडीमार्गे रोह्यास जाणाऱ्या गृहस्थाने मोटारीसाठी मार्गदर्शक यंत्र घेताना, ‘उत्कृष्ट वस्तू’ एवढाच दाखला देणाऱ्या अभिप्रायांपेक्षा, डोंगराआड उपग्रह लपल्यावर यंत्र किती वेळ मुके राहिले आणि महामार्गाच्या रुंदीकरणानंतरचा नकाशा त्यात होता की नाही, हे तारीखवार नमूद करणाऱ्याचीच साक्ष ग्राह्य धरावी. स्थाननिश्चितीस किमान ४ उपग्रहांचे संदेश लागतात. खारेपाटाच्या मोकळ्या आभाळाखाली ते कोणत्याही यंत्रास लाभतात, मग तेथील स्तुतीची मातब्बरी ती काय! भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक जारी केले खरे, परंतु त्याचे पालन ऐच्छिक ठेवले. सबब, दुकानदार राजी असल्यास, पैसे मोजण्यापूर्वी यंत्रासह भिसे खिंडीतून एक फेरी अवश्य करावी.