गाणं आलं नाही, पण लिंक आली!

रिलीजच्या आधीच गाणी फुटतात कशी? फोडतं कोण? आणि या सगळ्यात आपण फॅन लोक नेमके कुठे असतो?

रात्री साडेअकराला ग्रुपवर एक ऑडिओ फाइल पडते. नाव काहीतरी विचित्र, शेवटी ‘फायनल मिक्स २’. खाली मेसेज, ‘पुढच्या महिन्यातल्या अल्बममधलं आहे. कुणाला पाठवू नका.’ ते वाचून प्रत्येक जण निदान तिघांना पाठवतो. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर एकच विषय, ‘ऐकलंस का?’ जो नाही म्हणेल तो आउटडेटेड.

पेपर फुटावा तसं हे गाणं फुटलेलं असतं. पेपर फुटला की आपण चिडतो, मोर्चे काढतो. गाणं फुटलं की हेडफोन लावतो. कारण नुकसान कुणाचं होतंय ते दिसतच नाही. कलाकार करोडपती, कंपनी त्याहून मोठी आणि आपण तर प्रेमापोटी ऐकतोय. मग बिघडलं कुठे?

ते कळायचं तर ती फाइल आपल्या ग्रुपवर पडायच्या आधी कुठून कुठून फिरून आली, ते बघायला हवं.

एक गाणं, छप्पन हात

गाणं म्हटलं की आपल्याला गायक, संगीतकार, फार तर गीतकार आठवतो. प्रत्यक्षात एकच गाणं कितीतरी हातांतून जातं. संगीतकार आधी डमी शब्दांवर चाल गाऊन ठेवतो. मग प्रोग्रामर, वादक, गायक, रेकॉर्डिस्ट, मिक्सिंग आणि मास्टरिंग करणारे इंजिनीअर. सिनेमातलं गाणं असेल तर कोरिओग्राफरला ते शूटिंगच्या आधीच लागतं. एडिटरला लागतं, लिरिकल व्हिडिओ बनवणाऱ्याला लागतं, कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांना लागतं. प्रत्येक वेळी एक मेल, एक ड्राइव्ह लिंक नाहीतर एक पेनड्राइव्ह. यातलं एक दार जरी उघडं राहिलं तरी काम झालं.

सीडीच्या जमान्यात हे दार कारखान्याचं होतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात किंग्ज माउंटन नावाचं गाव आहे. तिथल्या सीडी छापायच्या कारखान्यात डेल ग्लोव्हर नावाचा कामगार होता. कामगार बाहेर पडताना मेटल डिटेक्टर फिरवून झडती व्हायची. त्यावर तोड म्हणजे कमरेच्या पट्ट्याचं भलंमोठं बक्कल. डिटेक्टर वाजला तरी बक्कल वाजलं असंच वाटायचं आणि त्याच्यामागे सीडी लपलेली असायची. पत्रकार स्टीफन विट यांनी ‘हाऊ म्युझिक गॉट फ्री’ या २०१५ च्या पुस्तकात ही सगळी कथा मांडली आहे. त्यांच्या मते, काही वर्षांत ग्लोव्हरच्या हातून जवळपास दोन हजार अल्बम रिलीजच्या आधी बाहेर गेले. ते इंटरनेटवर पसरवणाऱ्या गुप्त टोळीचं नाव होतं ‘रॅबिड न्यूरोसिस’. शेवटी एफबीआय दारात आली आणि ग्लोव्हरला तीन महिने तुरुंगात काढावे लागले.

आता गंमत बघा. या टोळीतल्या बहुतेकांना त्यातून थेट पैसा मिळत नव्हता. मिळायचा तो मान. ‘सगळ्यात आधी आम्ही आणलं’ हे सांगता येणं, एवढंच बक्षीस. शिवाय आपण काही दिलं की दुसऱ्यांनी आणलेला माल फुकटात मिळायचा.

नवी गाणी जगभर शुक्रवारीच का येतात, याचंही एक कारण लीकच आहे. पूर्वी ब्रिटनमध्ये अल्बम सोमवारी यायचा आणि अमेरिकेत मंगळवारी. मधल्या वेळात पायरसीवाल्यांची चांदी. १० जुलै २०१५ पासून संगीत उद्योगाने शुक्रवार हा जगभरासाठी एकच दिवस ठरवला, तो ही फट बुजवायलासुद्धा.

बक्कल गेलं, पासवर्ड आला

सीडी गेल्या, कारखाने गेले. आता दार म्हणजे कुणाचं तरी क्लाउड अकाउंट. इंग्लंडमधल्या इप्सविच गावचा २३ वर्षांचा एक तरुण. म्हणजे वयाने आपल्यापैकीच. त्याने कलाकारांची क्लाउड अकाउंट्स हॅक केली. एड शीरनची दोन आणि लिल उझी व्हर्ट या रॅपरची बारा अप्रकाशित गाणी मिळवून क्रिप्टोकरन्सीत विकली. पोलिसांनी त्याचं सामान तपासलं तेव्हा ८९ कलाकारांची १,२६३ अप्रकाशित गाणी सापडली. या धंद्यातून त्याने १ लाख ३१ हजार पौंड कमावले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाने त्याला १८ महिन्यांची शिक्षा सुनावली.

मॅडोनासारख्या सुपरस्टारलाही हा फटका बसलाय. डिसेंबर २०१४ मध्ये तिच्या ‘रिबेल हार्ट’ अल्बमचे कच्चे डेमो बाहेर आले. तिने घाईघाईने त्याच महिन्यात सहा गाणी अधिकृतपणे रिलीज करून टाकली. प्रकरणाचा माग इस्रायलपर्यंत गेला आणि तिथल्या एका तरुणाला १४ महिन्यांचा तुरुंगवास झाला. पुढच्याच महिन्यात ब्यॉर्क या आइसलँडच्या गायिकेचा ‘व्हल्निक्युरा’ फुटला. मार्चमध्ये येणारा अल्बम तिला जानेवारीतच आणावा लागला.

वर्गणी काढून लीक

हॅकर गाणं चोरतो हे कळलं. पण ते विकत घेतं कोण? इथे आपण येतो.

या बाजाराची पद्धत ठरलेली आहे. विकणारा आधी आठ-दहा सेकंदांचा तुकडा सोडतो. त्याला म्हणतात स्निपेट. कमेंटमध्ये नुसता आरडाओरडा, ‘पूर्ण कधी?’ मग भाव सांगितला जातो. एकट्याला परवडत नाही, म्हणून फॅन लोक गणपतीची वर्गणी काढावी तसे पैसे जमवतात. याला ‘ग्रुप बाय’ म्हणतात. रक्कम पूर्ण झाली की गाणं सोडलं जातं.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने एमिनेमच्या स्टुडिओत पूर्वी काम करणाऱ्या एका साउंड इंजिनीअरवर आरोप ठेवले. आरोप असा, की एमिनेमची अप्रकाशित गाणी त्याने बाहेर विकली. ती गाणी ज्या हार्ड ड्राइव्हवर होती, ती इंटरनेटला जोडलेलीही नव्हती. तिजोरीत होती. तपासकर्त्यांच्या म्हणण्यानुसार कॅनडातल्या एका माणसाने २५ गाण्यांसाठी सुमारे ५० हजार डॉलर बिटकॉइनमध्ये मोजले आणि ते पैसे त्याने एमिनेमच्या चाहत्यांकडून गोळा केले होते. म्हणजे ज्याच्या प्रेमापोटी वर्गणी काढली, त्याच्याच घरातला माल विकत घेतला. गाणी बाहेर फिरतायत हे लक्षात आलं ते स्टुडिओतल्या त्याच्या जुन्या सहकाऱ्यांच्या.

यात एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. न ऐकलेलं गाणं जितकं कमी लोकांकडे, तितका त्याचा भाव जास्त. सगळ्यांनी ऐकलं की भाव शून्य. त्यामुळे गाणी जमवून बसलेल्या माणसाला ते आपल्यापर्यंत पोचवायची अजिबात घाई नसते. तो ते दाबून ठेवतो, दुसऱ्या दाबलेल्या गाण्याशी अदलाबदल करतो, तुकडे दाखवून तहान वाढवतो. लीक करणारा म्हणजे श्रीमंतांचं लुटून गरिबांना वाटणारा रॉबिनहूड, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात तो साठेबाज असतो आणि आपल्या उतावीळपणाच्या जोरावर भाव वाढवतो.

आणि माल खरा असेल याची तरी काय खात्री? २०२३ मध्ये फ्रँक ओशन या गायकाची ‘अप्रकाशित गाणी’ म्हणून काही ट्रॅक विकले गेले. विकणाऱ्याने हजारो डॉलर कमावले. नंतर उघड झालं, की आवाज फ्रँकचा नव्हताच, एआयने बनवलेला होता. तक्रार तरी करणार कुणाकडे? ‘चोरीचा माल म्हणून घेतला, तो नकली निघाला’ असं पोलिसांना सांगणार?

पण फायदाही होतो ना?

हा प्रश्न येणारच. ‘कंपनीनेच पब्लिसिटीसाठी सोडलं असेल’ ही तर आपली लाडकी थिअरी. आणि लीकमुळे गाणं गाजल्याची उदाहरणं आहेतही. सगळ्यात मोठं आपल्याच देशातलं. २०११ मध्ये ‘थ्री’ या तमिळ सिनेमाच्या एका गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग इंटरनेटवर फुटलं. टीमने डोकं धरून बसण्याऐवजी १६ नोव्हेंबरला गाणं अधिकृतपणे व्हिडिओसह आणलं. ते गाणं म्हणजे ‘व्हाय धिस कोलावेरी डी’. पुढे पुण्यापासून पाटण्यापर्यंत लग्नाच्या वरातींत काय वाजलं ते सांगायला नको.

रेडिओहेड या ब्रिटिश बँडने तर कमालच केली. २०१९ मध्ये त्यांच्या ‘ओके कॉम्प्युटर’ काळातली तासन् तासांची रेकॉर्डिंग्ज चोरीला गेली. चोराने दीड लाख डॉलर मागितल्याचं सांगितलं गेलं. बँडने खंडणी द्यायच्या ऐवजी ते सगळं १८ तासांचं रेकॉर्डिंग स्वतःच १८ पौंडांना १८ दिवसांसाठी विक्रीला ठेवलं आणि पैसे ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ या पर्यावरण चळवळीला दिले.

पण ही दोन्ही उदाहरणं नीट बघा. इथे लीकने कुणाला वाचवलं नाही. नंतर त्या लोकांनी परिस्थिती सावरली. सावरायला त्यांच्यामागे कंपनी होती किंवा नाव होतं. प्रत्येकाला हे जमत नाही. २०१९ मध्येच प्लेबॉय कार्टी या रॅपरचं एक फुटलेलं गाणं भलत्याच कुणीतरी वेगळ्या नावाने स्पॉटिफायवर चढवलं. ते अमेरिकेच्या व्हायरल चार्टवर चक्क पहिल्या नंबरवर गेलं. ज्याचं गाणं, त्याच्या नावावर मात्र ते नव्हतंच.

आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये महेश बाबूच्या ‘सरकारू वारी पाटा’मधलं ‘कलावती’ व्हॅलेंटाइन डेच्या तोंडावर फुटलं. गाणं एक दिवस आधी आणावं लागलं. संगीतकार थमन यांनी तेव्हा एक व्हॉइस मेसेज टाकला होता. कित्येक महिने अनेकांनी राबून केलेलं काम असं कुणीतरी उचलून टाकलं, हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. तो पैशाचा हिशेब नव्हता.

तालमीतलं नाटक

मग तो हिशेब कशाचा? समजा, तुम्ही पुरुषोत्तमसाठी एकांकिका बसवताय. एंट्री चुकतायत, शेवट अजून सापडलेला नाही, नायिका वही हातात घेऊन वाचतेय. आणि स्पर्धेच्या आठ दिवस आधी कुणीतरी ती तालीम मोबाइलवर शूट करून इन्स्टावर टाकली. दहा हजार व्ह्यूज! कमेंटमध्ये ‘ठीक आहे, पण शेवट गंडलाय.’ तुम्ही काय सांगणार? की तो शेवट नव्हताच? ऐकणार कोण?

फुटलेलं गाणं बहुतेकदा असंच तालमीतलं असतं. आवाज बदलायचा असतो, एक कडवं काढायचं असतं, कधी गाणंच बाद करायचं असतं. काय दाखवायचं आणि कधी, हे ठरवणं हा कलाकाराच्या कामाचाच भाग आहे. लीक तोच काढून घेतो.

कायदाही हे मानतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रकाशित न झालेल्या कलाकृतीलाही संरक्षण आहे. जाणूनबुजून भंग केला तर कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कुणाच्या अकाउंटमध्ये घुसलात तर आयटी कायदा वेगळाच. आणि ‘फुल अल्बम झिप’ म्हणून आलेल्या फाइलमध्ये गाण्याऐवजी तुमचा फोन पोखरणारा व्हायरस असू शकतो, तो आणखी वेगळा.

हे सगळं लांब अमेरिकेत किंवा हैदराबादेत घडतं असं समजू नका. आज हॉस्टेलच्या खोलीत, लॅपटॉपवर गाणी बनवणारे कितीतरी जण आपल्याच वर्गात आहेत. तुम्ही त्यांच्यातले असाल तर काही साध्या गोष्टी करा. ड्राइव्हला आणि मेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. ‘लिंक असलेला कुणीही’ हा पर्याय बंद करा. डेमो पाठवायचाच असेल तर प्रत्येकाला थोडी वेगळी कॉपी पाठवा आणि कुणाला कोणती दिली ते लिहून ठेवा. कुठून फुटलं ते लगेच कळतं. मोठ्या कंपन्याही अशाच खुणा करून कॉपी देतात.

आणि गाणी बनवत नसाल, तर तुमच्या फोनमध्ये बहुधा एखाद्या मित्राने विश्वासाने पाठवलेला डेमो पडलेला असेल. तो आवडला म्हणून पुढे पाठवावासा वाटणारच. त्याआधी त्याला एक फोन करा. तो म्हणाला, ‘अरे नको, शेवटचं कडवं अजून जमलं नाहीये’, तर थांबा. आणि जमल्यावर त्याची लिंक सगळ्यात आधी तुम्हीच शेअर करा.