नकाराचे पत्र

एखादा पालक शिक्षकास चिठ्ठी धाडतो: ‘मुलगा गणितात कच्चा आहे. योग्य तो मोबदला घेऊन घरी शिकवणी घ्यावी.’ बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या अधिनियमातील कलम २८ अन्वये शिक्षकास खाजगी शिकवणी करता येत नाही. तेव्हा नकार देणे प्राप्तच असते. परंतु ‘पुढे पाहू’ असे मोघम उत्तर दिल्यास पालक आशेवर राहतो आणि मुलाचे वर्ष वाया जाते.

पत्राचा मायना नेहमीचाच, ‘स. न. वि. वि.’ असा असावा. प्रथम पालकाने दाखविलेल्या विश्वासाबद्दल आभार मानावेत, लगेच स्पष्ट नकार कळवावा व त्याचे एकच खरे कारण द्यावे. प्रकृतीची किंवा वेळेची सबब सांगू नये. सबब सरली की विनंती पुन्हा येते. मुलाच्या उणिवांची चर्चा तर मुळीच करू नये; पुष्कळ घरी ते पत्र तो मुलगाच वाचून दाखवितो.

शेवटी, शाळा सुटल्यावर त्यास विनामूल्य अर्धा तास देता येण्यासारखा असल्यास तसे लिहावे. न पाळता येणारे आश्वासन मात्र देऊ नये. मग ‘कळावे, लोभ असावा’ असे लिहून सही करावी. अशा नकाराने पालक शाळेला दुरावत नाही.