डास किती, की किती दिवसांचा?

नळाचे पाणी साठवून ठेवायची हुबळीकरांना जुनी सवय. आमच्या केशवापुरातही घरोघरी टाक्या आणि पिंपे आहेत. मी गणिताचा निवृत्त मास्तर. शेजारच्या अक्कांनी एकदा विचारले, "सर, हे डास सगळे मरणार तरी कधी?"

"सगळे मारायची गरजच नाही, अक्का," मी म्हणालो.

हे उत्तर मूळचे रोनाल्ड रॉस यांचे. 1897 साली सिकंदराबादेत त्यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. 1902 मध्ये नोबेल मिळाले. तरी डास समूळ नष्ट होणार नाहीत, मग खटाटोप कशाला, असे लोक म्हणतच. तेव्हा रॉस यांनी समीकरणच मांडले. माणशी डासांची संख्या ठराविक मर्यादेखाली आली, की एका रुग्णामागे एकाहून कमी नवा रुग्ण होतो आणि साथ ओसरते.

डासाच्या वयाचे महत्त्व 1950च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी दाखवले. रुग्णाला चावलेल्या मादीच्या अंगात जंतू तयार व्हायला साधारण दहा दिवस लागतात. रोज 90 टक्के माद्या जगल्या, तर शंभरातल्या 35 दहा दिवस काढतात. रोज 70 टक्केच जगल्या, तर तीनही नाहीत! डास निम्मे केले तर फैलाव निम्मा होतो. चावणे निम्मे केले तर पावच उरतो. कारण मादीला दोनदा चावावे लागते, एकदा जंतू घ्यायला आणि एकदा द्यायला. आयुष्य असे घटवले, तर दहावा हिस्साही उरत नाही.

या सूत्राचा पडताळा आमच्या धारवाड जिल्ह्याने आधीच दिला होता. जिल्हा मुंबई प्रांतात असताना, 1946 साली, डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी धारवाड आणि उत्तर कानडा जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारायला सुरुवात केली. रक्त पिऊन भिंतीवर टेकलेली मादी तिथेच मरे. हिवताप झपाट्याने उतरला आणि 1953च्या राष्ट्रीय कार्यक्रमाला पाया मिळाला. पुढे डास डीडीटीला दाद देईनासे झाले, मोहीमही ढिलावली. 1976 मध्ये देशात सुमारे 64 लाख रुग्ण नोंदले गेले.

शहरात हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. टाकीला घट्ट झाकण लावा, डासांची संख्या घटेल. मच्छरदाणी लावा, चावे घटतील. ताप येताच रक्त तपासून औषध पूर्ण घ्या, जंतू पुरवण्याचे दिवस घटतील. या तिन्हींचा सूत्रात गुणाकार होतो. म्हणून एकही सोडू नका.